बिनआवाजाचा पडदा

पडद्यांच्या दुकानात हल्ली बसायला खुर्ची, प्यायला गार पाणी आणि वर सल्ला अशा तिन्ही गोष्टी फुकट मिळतात. गेल्या महिन्यात मुलाच्या नव्या फ्लॅटच्या सात खिडक्यांसाठी रॉड बघायला सून मला राजारामपुरीत घेऊन गेली. माझं मत कुणाला हवं होतं असं नाही, पण घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारल्याशिवाय तिने काही घेतलेलं नाही. ही तिची रीत मला आवडते, आणि निकाल आधीच ठरलेला असल्यामुळे माझ्यावर जबाबदारीही येत नाही. दुकानातला तरुण विक्रेता भिंतीवर टांगलेले नमुने एकेक करून दाखवत होता. टोकाला भाला असलेला रॉड, टोकाला कमळ असलेला, टोकाला काचेचा गोळा असलेला. पडदा अडकवायच्या दांडीला एवढा राजेशाही थाट कशाला, असं मी विचारलं, तर तो म्हणाला, “आज्जी, पाव्हणा आला की त्याची नजर पयली तिथंच जाती.” मग त्याने खरी चीज काढली. छताला चिकटून बसणारा पांढरा ट्रॅक. “ओढा तुम्हीच. हं. आला का आवाज?”

“नाही.”

“हीच तर खासियत हाय की ह्याची! शेजारच्या खोलीत माणूस असलं तरी त्याला कळायचं न्हाय, पडदा सरकला म्हणून.”

मी हात काढून घेतला. सुनेने विचारलं, “आई, बरं वाटत नाहीये का?” मी पाणी मागितलं. अशा वेळी पाणी मागणं सोयीचं असतं.

हेच वाक्य मी पन्नासेक वर्षांपूर्वी महाद्वार रोडवरच्या एका दुकानात ऐकलं होतं, आणि तेव्हा मला ते फार पसंत पडलं होतं. त्याबद्दल मी आजवर कुणाला काही सांगितलेलं नाही.

आमचं घर शाहूपुरीत होतं, भाड्याचं. एकामागे एक तीन खोल्या, आगगाडीच्या डब्यांसारख्या: पुढची बैठकीची, मधली आणि मागे स्वयंपाकघर. मधल्या खोलीला एकच खिडकी, ती बोळात उघडायची, आणि बोळाच्या पलीकडे पिठाची गिरणी. दिवसभर गिरणीचा पट्टा फटफटायचा आणि डबे घेऊन उभ्या असलेल्या बायका, दुसरं काही बघण्यासारखं नसल्यामुळे, आमच्या घरात बघायच्या. म्हणून तिथं पडदा हवा होता. मी लहान असताना आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो बसवला. दुकानदाराने त्यांच्यापुढे पडद्याची स्प्रिंग ठेवली होती. आप्पा म्हणाले, “ही वाळत घालायची दोरी झाली. ह्याला पडदा म्हणायचं व्हय?” आणि ते थेट नळाचं सामान विकणाऱ्याकडे गेले आणि पाण्याचा लोखंडी पाइप कापून घेऊन आले. तांबटाकडून पितळेच्या जाड कड्या करून घेतल्या. पडद्याचं कापड इचलकरंजीचं, चादरीइतकं जाड. तो पडदा ओढला की कड्या पाइपवरून अशा खरारत जायच्या की गिरणीचा आवाजसुद्धा मागे पडायचा. आईने कपाळाला हात लावला. आप्पा खूश होते. “माणूस घरात हाय, हे कळाय पाहिजे की,” म्हणाले.

आवाजाचं त्यांना प्रेम होतं, कारण त्यावरच आमचं घर चालायचं. गुळाच्या सौद्यात ते बोली पुकारायचे. गुळाच्या रव्यांच्या, म्हणजे ढेपांच्या, राशींवरून चालत, एका राशीवरून दुसऱ्या राशीकडे जात ते जे ओरडायचे ते शंभर माणसांच्या गलक्यातून वेगळं ऐकू यायचं. शिरोळपासून गगनबावड्यापर्यंतचे शेतकरी आपला गूळ त्यांच्या तोंडून पुकारला जावा म्हणून थांबायचे, असं सांगतात. घरी आल्यावरही तो आवाज खाली यायचा नाही. “मीठ दे” एवढं म्हटलं तरी गिरणीतल्या बायका वळून बघायच्या. त्यांच्या अंगाला, धोतराला, आमच्या अंथरुणांनाही काकवीचा वास असायचा. आई खपली गव्हाची हुग्गी करायची, गूळ आणि सुंठ घातलेली दाट खीर, आणि त्यात गूळ किती पडला हे आप्पा वासावरून सांगायचे, तेही शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं.

मग त्यांना लकवा झाला. “एक बार, दोन बार” झालं आणि तिसऱ्या वेळी तोंडातून शब्द फुटला नाही, असं मार्केटात आजही सांगतात म्हणे. मला ते खरं वाटत नाही. त्या वेळी त्यांच्याजवळ असलेल्या हमालाने आईला सांगितलं होतं की ते चहा पीत होते. पण माणसं चहाची गोष्ट कशाला सांगतील.

उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. त्यांना मधल्या खोलीत खिडकीखाली खाटेवर ठेवलं, डावा हात खिडकीकडे. सुरुवातीचे दिवस भयंकर होते. ते काहीतरी मागायचे, आम्ही भलतंच आणायचो, आणि एवढा मोठा माणूस डोळ्यांतून पाणी काढायचा. एका दुपारी ऊन तोंडावर आलं म्हणून त्यांनी डाव्या हाताने पडदा ओढला. कड्या खरारल्या. आई स्वयंपाकघरातून “आले, आले” म्हणत धावत आली. आप्पा तिच्याकडे बघत राहिले, मग पडद्याकडे, आणि त्यांच्या वाकड्या तोंडावर हसू आलं. तिथून पुढे आमच्या घरात नवी भाषा सुरू झाली. एकदा ओढला की पाणी. दोनदा म्हणजे लघवीचं भांडं. तीनदा म्हणजे नुसतंच, कुणीतरी या आणि बसा. आईचं उत्तर ठरलेलं: “आले, आले.” पीठ मळत असली तर तशाच हातांनी यायची. पाण्याचा तांब्या ती चुलीशेजारी भरूनच ठेवायची, म्हणजे उचलला की निघाली.

माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, लग्न त्या काळात जमत नव्हतं. ती दिसायला चांगली होती, शांत होती, शिवणकाम करायची. पण वय पुढे चाललं होतं, आणि घरात वडील अंथरुणावर. लकवा रक्तात असतो असं तेव्हा लोक उघड म्हणायचे. सांगलीकडची मंडळी एकदा बघायला आली होती. पोहे झाले, अक्का पाटावर येऊन बसली, आणि आतून कड्या वाजल्या. दोनदा. आई उठली. मंडळींमधल्या एका बाईने मान लांब करून आत बघितलं, आणि आईच्या हातातलं भांडं तिला दिसलं. चार दिवसांनी निरोप आला की पत्रिका जमत नाही. आमच्या घरातून कुणी पत्रिका दिलेलीच नव्हती.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. वाचनालयातली पुस्तकं आणून वाचायचे आणि मी जगातली पहिलीच वाचक असल्यासारखी वागायचे. नागाळा पार्कात एका मैत्रिणीचा बंगला होता. तिच्याकडे पडदा ओढला की तो नुसता जायचा, पाण्यावरून गेल्यासारखा. पातळ अ‍ॅल्युमिनियमचा ट्रॅक आणि त्यात नायलॉनची बारीक चाकं. तिथून घरी आलं की आमचा पाइप मला एखाद्या गोठ्यातला वाटायचा.

शिरोळहून अक्काला बघायला येणार असं ठरलं तेव्हा काकांनी सगळी सूत्रं हातात घेतली. आप्पांचे हे धाकटे भाऊ एका संस्थेत कारकून होते, पण बोलायला लागले की चेअरमन वाटायचे. त्यांनी शेजारून सोफा आणला, कुणाकडून तरी प्लास्टिकच्या फुलांचा गुच्छ आणला, आणि एका ओळखीच्या वकिलाकडून लाल पाठीची जाडजूड पुस्तकं आणून बैठकीत रचून ठेवली. “घर शिकलेलं दिसाय पाहिजे,” म्हणाले. मी त्यांना मनातल्या मनात खूप हसले. दुसऱ्याच्या थाटाला मी नेहमीच चटकन हसत आले आहे. आणि मग मीच त्यांना म्हटलं, “काका, पुस्तकं राहू द्या. मधल्या खोलीतला तो पाइप काढा. नागाळा पार्कात असतो तसला ट्रॅक मिळतो, आवाज न करणारा.”

काकांनी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. “पोरगी शिकली ती वाया न्हाय गेली,” म्हणाले.

अक्का मशीनवर बसली होती. तिने पाय थांबवला. “आणि आप्पांनी बोलावलं तर?”

“मी बघते की. दर थोड्या वेळानं आत जाऊन येते. तेवढा अर्धा दिवस.”

“ध्यानात राहील तुझ्या?”

“अक्का, लग्न तुझं हाय. माझी काळजी करू नकोस.”

तिने परत पाय चालवला.

ट्रॅक मीच निवडला. महाद्वार रोडवरच्या दुकानदाराने दोन दाखवले. एक जरा जाड होता, आणि त्याची चाकं किंचित कुरकुरायची. दुसरा अगदी नाजूक. “ह्याचा आवाज न्हाय, पोरी. शेजारी माणूस असलं तरी कळायचं न्हाय.” मी नाजूक घेतला. सुताराने पाइप उतरवला, भिंतीत लाकडाच्या गुल्ल्या ठोकल्या, ट्रॅक बसवला. आप्पा पडून सगळं बघत होते. सुतार गेल्यावर त्यांनी पडदा ओढला. तो गेला, अगदी अलगद. त्यांनी वर बघितलं. परत ओढला. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. आत आई भाकरी थापत होती, ती थापत राहिली. मी म्हटलं, “आप्पा, पाव्हणे जाईपर्यंतच. परत पाइप बसवू. आणि मी येऊन बघत जाईन.” त्यांनी मान हलवली. ते मला कधी नाही म्हणत नसत.

शिरोळची मंडळी चारला आली. मुलाचे वडील, सगळे त्यांना तात्या म्हणायचे, उसाचे शेतकरी, घरचं गुऱ्हाळ. हाडापेराने मोठे, सोफ्यावर बसले तेव्हा शेजाऱ्यांच्या सोफ्याने तक्रार केली. मुलगा, त्याची आई, एक मामी. आम्ही सगळे जैन, त्यामुळे जेवणं सूर्य मावळायच्या आत व्हायला हवी होती. आई आणि शेजारची बाई आत घाईने वाढपाची तयारी करत होत्या, हुग्गी पातेल्यात रटरटत होती, आणि मधल्या खोलीचं बैठकीकडचं दार काकांनी लोटून घेतलं होतं. कांदा नसलेले पोहे झाले. अक्काने खाली मान घालून विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं दिली. मुलगा तिच्याइतकाच लाजत होता, ते मला आवडलं.

मी दोनदा आत जाऊन आले. पहिल्यांदा आप्पा डोळे मिटून होते. दुसऱ्यांदा त्यांना पाणी पाजलं.

मग तात्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि त्यांच्या शेतातल्या आवाजात विचारलं, “आमचे आप्पा कुठं हायत? वीस वर्सं त्यांच्या तोंडून आमचा गूळ गेलाय. त्यांना भेटल्याबिगर कसं जायचं?”

गिरणीचा पट्टा फटफटत होता. काका म्हणाले, “दादा बाहुबलीला गेलेत. दर्शनाला. दोन दिवस ऱ्हातील तिथं.”

“असं व्हय,” तात्या म्हणाले. त्यांनी लोटलेल्या दाराकडे बघितलं. “चांगलं हाय. देवाच्या दारात हायत.”

अवघडलेलं वातावरण सैल करावं म्हणून असेल, मामीने माझ्याकडे वळून विचारलं, “धाकटी काय शिकती?” एवढंच. मी सांगायला लागले. कॉलेज, मराठी, काय काय वाचलं ते. मुलाची आई म्हणाली, “अगंबाई, एवढं?” मला चढलं. एका कादंबरीची अख्खी गोष्ट मी त्यांना सांगितली, शेवटासकट, मध्ये मध्ये माझे अभिप्राय घालून. तात्या मान डोलवत होते. काका तर असे बघत होते की ती लाल पुस्तकंही मीच लिहिली असावीत. वेळेचं भान मला राहिलं नाही. ऊन भिंतीवरून सरकून सोफ्याच्या पाठीवर आलं तेव्हा वाढायला ये म्हणून आईची हाक आली, आणि मग गडबड सुरू झाली. पानं बैठकीतच मांडली होती. आम्ही स्वयंपाकघरातून मागच्या दाराने बोळात उतरून, पुढून वळसा घालून वाढत होतो, कारण मधल्या खोलीतून ये-जा करायची नाही असं काकांनी ठरवलं होतं. मी आमटीचं भांडं घेऊन त्या खिडकीवरून चार-पाच वेळा गेले. पडदा ओढलेला होता. तो हलत होता, हे मी बघितलं. वारं असेल असं वाटलं.

निरोप घेताना तात्या दारात थांबले. त्यांचा आवाज होता त्याहून मोठा झाला. “दर्शनाहून आले की आप्पांना सांगा, शिरोळचा तात्या येऊन गेला. म्हणावं, तुमच्याबिगर सौद्यात जीव रमत न्हाय.” माणूस अडाणी आहे, त्याला हळू बोलता येत नाही, असं मला तेव्हा वाटलं.

ते गेले. उजेड अजून होता. मी आप्पांचं जेवण घेऊन मधल्या खोलीत गेले, हुग्गीची वाटी वर ठेवून. ट्रॅकचं एक टोक भिंतीतून उपटून आलं होतं, गुल्लीसकट, आणि खाली लोंबत होतं. नायलॉनची चाकं अंथरुणावर आणि फरशीवर सांडली होती. पडद्याचं टोक आप्पांच्या डाव्या मुठीत होतं, घट्ट. धोतर ओलं झालं होतं, गादीसुद्धा. किती वेळ ते ओढत होते कुणास ठाऊक. एकदा ओढलं, दोनदा ओढलं, की तीनदा, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. भांडं हवं होतं असं आई म्हणायची. मला वाटतं की “बाहुबलीला गेलेत” हे त्यांनी ऐकलं आणि आपण इथं आहोत हे सांगायला ते ओढत राहिले. दोन्ही खरं असेल. मी वाटी खाली ठेवली आणि म्हटलं, “आप्पा.” त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मुठीतून पडदा सोडवायला आईला यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी सुताराला बोलावून आणलं. पाइप परत चढवला, पितळी कड्या चिंचेने घासून लख्ख केल्या, जाड पडदा अडकवला. मी स्वतः ओढून दाखवला. कड्या खरारत गेल्या, गिरणीतल्या बायकांनी वळून बघितलं. “आप्पा, ओढा की,” मी म्हटलं. त्यांचा हात छातीवर होता, तिथंच राहिला.

त्यांनी तो पडदा परत कधी ओढला नाही. पाण्यासाठी नाही, भांड्यासाठी नाही. ऊन तोंडावर आलं तर डोळे मिटून घ्यायचे. आम्ही त्यांचा हात धरून पडद्यावर ठेवला, तर तो तिथं ठेवल्यासारखा राहायचा आणि मग खाली घसरायचा. राग म्हणावा तर तसं नव्हतं. भरवलं की जेवायचे, आई बोलली की तिच्याकडे बघायचे. फक्त बोलावणं बंद केलं होतं. आई मग दर थोड्या वेळाने हातातलं काम टाकून आत जाऊन बघायला लागली, दिवसभर. मी कबूल केलेलं काम ती करत राहिली, आणि त्याबद्दल मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

शिरोळहून होकार आला. सुपारी फुटली त्या दिवशी तात्या कुणाला न विचारता मधल्या खोलीत गेले आणि आप्पांच्या उशाशी बसले. काका चाचरत काहीतरी सांगायला गेले, तर तात्या म्हणाले, “आख्ख्या मार्केटाला ठाऊक हाय हो, पावणं. मला त्या दिवशी पण ठाऊक हुतं. म्हटलं, तुम्ही दाखवाल तर भेटू. न्हाय तर आपणच मोठ्यानं बोलावं, आत ऐकू जाईल.” त्यांनी आप्पांचा डावा हात हातात घेतला आणि त्या हंगामाच्या गुळाबद्दल, रंगाबद्दल, पावसाबद्दल तासभर बोलत बसले. आप्पा ऐकत होते. अक्का दाराशी उभी राहून रडत होती. ती सुखात नांदली, हे सांगायला हवं. तिच्या घरी पडदेच नाहीत. उसाच्या रानात कोण बघणार, म्हणते.

अक्काचं लग्न होऊन चार महिन्यांनी आप्पा गेले, दुपारी, आई आत जाऊन बघून आल्यानंतरच्या थोड्या वेळात.

सुनेने तो पांढरा ट्रॅक घेतला, सहा खिडक्यांना. सातवी खिडकी माझ्या खोलीची. तिला मी लोखंडी पाइप मागितला तेव्हा विक्रेता म्हणाला, “आज्जी, असला माल आता कोण ठेवतंय? त्याचा आवाज किती येतोय!” शेवटी नळाच्या दुकानातच मिळाला. कड्या मात्र माझ्याकडे होत्या. एका डब्यात, कापडात गुंडाळून, इतकी वर्षं. सुनेने कारण विचारलं नाही. तिला मी थोडी विक्षिप्त वाटते, आणि तो समज मी जपून ठेवला आहे.

एक राहिलं. आप्पा गेल्यानंतर वर्षभराने असेल, दिवाळीच्या आधीची धुलाई चालली होती. मधली खोली रिकामी होती, खाट काढून टाकली होती. पडदा धुवायला काढावा म्हणून मी स्टुलावर चढले आणि कड्या एका टोकाला ओढल्या. त्या खरारल्या. एकदाच.

“आले, आले,” स्वयंपाकघरातून आवाज आला, आणि आई दारात येऊन उभी राहिली. हाताला पीठ होतं. पिठाच्या हातात पाण्याने भरलेला तांब्या होता. खाट होती त्या जागेकडे ती बघत राहिली, मी स्टुलावरच. बोळात गिरणी चालू होती. मग आई पुढे आली आणि तांब्या माझ्या हातात दिला.

“पी,” म्हणाली.

मी ते सगळं पाणी प्याले.